आधी पाय बघ

"आधी पाय बघ, मग तोंड."

नवा माणूस समोर आला की ती मला कोपराने ढोसायची आणि ओठ न हलवता एवढंच म्हणायची. मग तिची नजर खाली जायची. समोरच्या माणसाच्या चपला, बूट, टाचा, नखं, सगळं बघून झालं की ती हलकेच हुंकार द्यायची. त्या हुंकारात त्या माणसाचा निकाल लागलेला असायचा.

गंमत अशी की सगळ्या निमगाव केतकीत ती खालमानेची मुलगी म्हणून प्रसिद्ध होती. "पोरगी बघा कशी चालती. मान वर करून कुनाकडं बघायची न्हाय," असं बायाबापड्या कौतुकाने सांगत. आपल्या पोरींना तिचा दाखला देत. ती खाली मान घालून काय बघते, हे फक्त मला माहीत होतं. आणि आता तुम्हाला.

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. तिला विचारलं असतं तर म्हणाली असती, "नाव कशाला गं? माझ्या सँडलचा रंग लिव."

लिहिते. डाळिंबी होता.

गोष्ट नव्वदीच्या मधल्या वर्षांतली. मी इंदापूरहून एसटीने बारामतीला कॉलेजला जायची. माझे वडील कचेरीत शिपाई होते. आमच्या घरातच काय, आमच्या विहारामागच्या अख्ख्या गल्लीत तोवर कोणतीच मुलगी कॉलेजला गेली नव्हती. त्यामुळे पहिल्या दिवशी मला निरोप द्यायला गल्लीतली निम्मी माणसं स्टँडवर आली होती. आईने आपल्या ठेवणीतल्या चपला मला दिल्या होत्या. माझ्या पायांना त्या मोठ्या व्हायच्या. चालताना फटाक फटाक वाजायच्या.

निमगावला ती बसमध्ये चढली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. अर्थात आधी खाली बघितलं.

"ह्या चपला तुझ्या न्हाईत," ती म्हणाली.

मला रडूच कोसळायचं बाकी राहिलं.

"आईच्या हायत ना? माझ्या बी आईच्या साडीतनं माझा हा ड्रेस झालाय. तू टाच दाबून चाल, म्हंजी वाजायच्या न्हाईत. आन अंगठा असा आत वढून धर. बघ." तिने बसच्या फळीवर पाय ठेवून दाखवलं. मग सगळ्या रस्त्याने मी बसल्या बसल्या अंगठा आत ओढायचा सराव केला. कॉलेजच्या फरशीवर त्या दिवशी माझ्या चपला वाजल्या नाहीत. त्या दिवसाबद्दल अजून माझ्या मनात तिचे आभार आहेत, आणि ते मी कधी बोलून दाखवलेले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मी इंदापूरला बसमध्ये चढले की खिडकीजवळच्या जागेवर रुमाल टाकून ठेवायची. ती जागा तिची.

निमगावच्या बाहेर, पाटाच्या फाट्यापाशी तिची वस्ती होती. तिचे आजोबा मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे. वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, मेंढरं विकून शेती धरली. वस्तीवरून सडकेला येताना फाट्याचं पाणी पाझरून वाटेत कायम चिखल असायचा. उन्हाळ्यात सगळं रान कोरडं ठणठणीत, पण पाटाला पाणी सुटलं की तेवढा पट्टा रबरबीत. ती सँडल पिशवीत घालून अनवाणी यायची, सडकेच्या कडेला पाय धुवायची, ओढणीच्या टोकाने पुसायची, आणि मग डाळिंबी सँडल पायांत चढवून अशी काही बसमध्ये शिरायची, की वाटावं गाडीतून उतरून आली.

हे पायांचं शास्त्र तिला कुठे सापडलं, ते तिने मला एकदा सांगितलं.

"सिनेमात हिरो येतो तवा काय होतं? गाडीचं दार उघडतं. आधी बूट दिसतो. मग प्यांट. मग पट्टा. तोंड सगळ्यात शेवटी. सिनेमावाल्यांना काय अक्कल न्हाय व्हय?"

"पण सिनेमातले बूट काय त्याचे स्वतःचे असतात का?" मी म्हणाले.

"तीच तर माझी तक्रार हाय. शेतातनं नाचतोय, वड्यातनं पळतोय, हिरवीनला उचलून घेतोय, आन बूट पांढरे फेक! आमच्या फाट्यावरनं एकदा चालव म्हणावं त्याला. चिखल लागल्यावर बी जो हिरो दिसंल, तो हिरो."

सिनेमा हा तिचा जीव होता. वस्तीवर टीव्ही शेजारच्या घरात. रविवारी संध्याकाळी सगळी वस्ती त्याच्यासमोर बसायची, आणि शेवटाला आलं की हमखास लाईट जायची. तरी सोमवारी सकाळी ती बसमध्ये सगळा सिनेमा सांगायची, शेवटासकट.

"लाईट गेली होती ना?" मी विचारायची.

"गेली की. पण पुढं काय झालं असंल ते मला म्हाईत हाय."

आणि तिने सांगितलेला शेवट इतका रंगायचा की पुढच्या बाकावरची माणसं मागे वळून बसत. कंडक्टरमामा तिकिटं फाडायचं थांबत. एकदा इंदापूरच्या एका बाईंनी तिला मध्येच अडवलं. त्यांच्याकडे लाईट गेली नव्हती. "असं नाही हो झालं," त्या म्हणाल्या, "शेवटी तो मरतो."

हिने त्यांच्या पायांकडे एकदा बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "मग त्यांनी शेवट बिघडवला, काकू."

सगळ्या बसने तिचाच शेवट धरला.

कपड्यांचंही तसंच. सिनेमात कुणा नटीने फुग्याची बाही घातली की पंधरवड्याच्या आत तिला तशी बाही हवी असायची. निमगावच्या बाजारातले टेलर म्हातारे होते. त्यांच्यासमोर ती वहीच्या पाठीमागे चित्र काढून दाखवायची. "पोरी, ह्यात हात घालायचा का उशी?" त्यांनी एकदा विचारलं. पण शिवून दिली. ती बाही घालून ती बसच्या दारातून आत येईना. एक फुगा दाराच्या दांडीला अडकला. मागून कुणीतरी ओरडलं, "आधी बाही जाऊ द्या, मग पोरगी!" सगळे हसले. तीही हसली, फुगा चेपून आत आली आणि बसल्यावर पुन्हा फुगवून घेतला.

"हसू दे गं," मला म्हणाली. "सहा महिन्यानी ह्यांच्याच पोरी शिवून घेत्यात का न्हाय बघ."

शिवून घेतल्या. मीही घेतली. निम्म्या फुग्याची.

आणि प्रेम? प्रेमाबद्दल ती दिवसभर बोलायची. प्रेमात माणसाने कसं बघावं, किती वेळ बघावं, बघून झाल्यावर काय करावं, सगळं तिच्याकडे ठरलेलं होतं. बारामतीच्या स्टँडवर एक मुलगा महिनाभर आमच्या बसची वाट बघत उभा राहायचा. केस कपाळावर, गॉगल, पांढरे बूट. मी उगीचच वेणी पुढे घ्यायची. एक दिवस तो धीर करून पुढे आला. हिने खाली बघितलं आणि गोड आवाजात म्हणाली, "दादा, नाडी सुटलीय. बांधा, न्हायतर पडाल."

तो 'दादा' ऐकून गेला तो गेलाच.

"अगं, बरा होता की," मी हळहळले.

"मास्तरीणबाई," ती मला अशीच हाक मारायची, कारण मला शिक्षिका व्हायचं होतं. "ज्याला सोताच्या नाडीचं भान न्हाय, त्यो संसाराला कुठनं गाठ मारनार? आन बुटाला चिखलाचा ठिपका न्हाय. म्हंजी घरी काय करत न्हाय."

मी हसायची. पण कधीकधी, पाय धुवून झाल्यावर ती सडकेच्या कडेला क्षणभर तशीच उभी असलेली बसच्या खिडकीतून दिसायची, तेव्हा मला कळायचं की हे सगळं थट्टेतलं नाही. तिला खरंच तिच्या मनासारखा माणूस हवा होता. तो निवडायला आपल्याला फार वेळ मिळणार नाही, हे तिला माहीत होतं. चहापोह्यांच्या त्या तेवढ्या वेळात मान वर करायची नाही, बोलायचं नाही, मग बघायचं काय? पाय. तेवढेच तर दिसतात.

तिसऱ्या वर्षाला असताना तिला स्थळ आलं. मुलगा पळसदेवचा. इंदापुरात विहिरीवरच्या मोटारी वाइंडिंग करायचं त्याचं दुकान होतं. तात्यांनी तिला जवळ बसवून सांगितलं, "तुझ्या मनाविरुद्ध मी न्हाय करायचो. न्हाय म्हणलीस तर न्हाय. पन एकदा का व्हय म्हणलीस, की मी शब्द दिनार. मग माघारी फिरायचं न्हाय. आपल्या घरात दिलेला शब्द कुनी मोडला न्हाय."

पाहुणे यायच्या दिवशी तिने मला वस्तीवर बोलावून घेतलं. तिच्या आईने मला थेट चुलीपाशी बसवलं आणि पुढ्यात कांदे ठेवले. आमच्या आजोबांच्या पिढीत त्या घरातल्या माणसांनी आणि आमच्या घरातल्या माणसांनी एकमेकांच्या चुलीपर्यंत जाण्याची गोष्टच नव्हती. मला ते कांदा चिरताना आठवलं, आणि डोळ्यांत पाणी आलं ते सगळं कांद्याचंच होतं असं नाही.

दुपारी जीप आली. पुरुष माणसं ओसरीवर पायतणं काढून आत सतरंजीवर बसली. आत बोलणी सुरू झाली, आणि हिने माझा हात धरला.

"चल."

"कुठं?"

"परसातनं. ओसरीवर."

नेसलेली साडी गुडघ्यापर्यंत उचलून ती मागच्या दाराने निघाली, गोठ्याच्या कडेने, शेणामातीतून. आम्ही दोघी ओसरीच्या भिंतीला चिकटून उभ्या राहिलो. समोर पायतणांची रांग. ती एकेकावर बोट ठेवत कुजबुजायला लागली.

"हा जाड जोडा सासऱ्याचा. टाकलाय कसा बघ, जमीन ह्याच्याच बापाची असल्यागत. हा टाच मोडलेला काळा बूट, हा कुनीतरी आळशी पाव्हणा. ह्या रबरी चपला..." एकीचा पट्टा निळा, दुसरीचा हिरवा होता. "ह्या डायवरच्या."

मग ती थांबली.

रांगेच्या टोकाला तपकिरी चपलांचा एक जोड होता. जुना, पण पॉलिश केलेला. एका चपलेचा अंगठा तुटला होता, तो मेणदोऱ्याने बारीक टाके घालून शिवला होता. दोन्ही चपला जवळजवळ, टोकं बाहेरच्या बाजूला करून ठेवलेल्या.

"हा त्यो," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "तुटल्यावर टाकून दिल्या न्हाईत, बघ. शिवून घेतल्या. आन ठेवल्यात कशा! हा मानूस बायकूला कधी वाईट बोलायचा न्हाय."

आत बोलावणं आलं तेव्हा ती पोह्यांची ताटली घेऊन गेली. मी दाराच्या फटीतून बघत होते. मान खाली. समोर सगळ्यांचे पाय अनवाणी, त्यातला कोणता कुणाचा हे तिला काय कळणार? पण तिला आता बघायची गरज नव्हती. तिचं बघून झालं होतं. मुलगाही टोकाला मान खाली घालून बसला होता. पांढऱ्या मिशांचे त्याचे मामा मात्र मोठ्याने म्हणाले, "पोरगी लय सालस हाय बगा. एकदा सुदीक वर बघितलं न्हाय."

आत आल्यावर आईने विचारलं. ही म्हणाली, "व्हय." आईने तात्यांना खूण केली. तात्यांनी शब्द दिला. साखर वाटली गेली.

पाहुणे निघाले तेव्हा आम्ही दोघी खिडकीला लागलो. तिला त्या तपकिरी चपलांत पाय सरकताना बघायचे होते. तो सिनेमातला क्षण होता. आधी पाय, मग धोतर.

धोतर?

मग पट्टा नाही, तर बंडी. मग पांढऱ्या मिशा. मामा!

आणि नवरा मुलगा पुढे आला, आणि त्या निळ्या-हिरव्या पट्ट्यांच्या रबरी चपला पायांत सरकवून जीपकडे चालू लागला.

ती सावकाश ज्वारीच्या पोत्यावर बसली.

"अगं," ती म्हणाली, "मी मामाला पसंत केलं."

मला हसू आवरेना. पण तिच्या तोंडाकडे बघितलं आणि ते थांबलं. बाहेर तात्या पाहुण्यांना हात जोडून निरोप देत होते. शब्द गेला होता.

पुढचे काही दिवस ती बसमध्ये गप्प असायची. सोमवारी सिनेमा सांगितला नाही. कंडक्टरमामांनी दोनदा विचारलं, "काय पोरी, काल पन लाईट गेली का?" ती म्हणाली, "पहिल्यापास्नंच गेली हुती." मी म्हणाले, तात्यांना खरं सांग. ती म्हणाली, "काय सांगू? चपला बघून व्हय म्हणले? लोक आधी मला हसत्याल आन मग तात्यांना."

मग एका दुपारी ती निमगावला उतरलीच नाही.

"इंदापूरला येते," ती म्हणाली. "त्याच्या दुकानात. तू संगं चल. मी त्याच्याशी एकदा बोलणार हाय. मन न्हाय बसलं तर तात्यांच्या पाया पडीन, पन न्हाय म्हणीन. मोडला शब्द तर मोडला."

लग्न ठरलेल्या मुलीने असं दुकानात जाणं त्या वेळी आमच्याकडे ऐकिवात नव्हतं. ओळखीचं कुणी दिसतं का म्हणून मी सारखी मागे बघत होते. तिने मात्र स्टँडवरच्या नळावर सँडल धुऊन पुसून घेतले.

दुकान लहान होतं. तो मोडक्या मोटारींच्या मध्ये, मांडीवर तांब्याच्या तारेचं वेटोळं घेऊन बसला होता. आम्हाला बघून ते वेटोळं सुटलं. तो उठायला गेला आणि तारेत अडकून पुन्हा बसला.

ही दारातच उभी राहिली. मान खाली. सवयीने नव्हे, या वेळी खरोखर.

"माझी एक चूक झालीय," ती म्हणाली. "त्या दिवशी मी तुमाला बघितलंच न्हाय. ओसरीवरच्या चपला बघितल्या. तपकिरी चपला तुमच्या हायत असं समजून मी व्हय म्हणले. त्या तुमच्या मामांच्या निघाल्या."

मला वाटलं, आता हा हसणार, नाहीतर चिडणार. त्याने यातलं काहीच केलं नाही. तो सुटलेली तार बोटाला गुंडाळत राहिला आणि मग म्हणाला, "म्हंजी तुमी मला व्हय म्हणलाच न्हाईत अजून."

"न्हाय."

"मग असं करू. तुमच्या मनात नसंल तर मी न्हाय म्हणतो. तुमच्या तात्यांचा शब्द मोडायचा न्हाय. आमच्याकडनं मोडला असं हुईल."

"तुमी न्हाय म्हणला तर लोक मला नावं ठेवत्याल."

त्याने पुन्हा विचार केला. "मग मामा आडवा आला म्हणून सांगू. मामाला सवय हाय. आमच्यात कुठलं बी लगीन मोडलं की मामाच्याच नावावर जातं. त्याला काय वाटत न्हाय."

आणि मग मी ती गोष्ट पाहिली, जी इतक्या वर्षांत पाहिली नव्हती. तिने मान वर केली. सरळ. आणि त्याच्या तोंडाकडे बघितलं. हुंकार दिला नाही, काही नाही. नुसती बघत राहिली. कुणी तिच्यासाठी 'नाही' आपल्या अंगावर घ्यायला तयार होईल, हे तिच्या शास्त्रात कुठेच नव्हतं.

"पन मला एक सांगा," जरा वेळाने ती म्हणाली. "बघायच्या कार्यक्रमाला कुनी तसल्या रबरी चपला घालून येतं व्हय?"

तो लाल झाला. "त्या माझ्या न्हाईत. डायवरच्या हायत."

"मी म्हणलेच हुते!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की शेजारचा सायकलवाला डोकावून गेला. "म्हणले हुते का न्हाय गं, मास्तरीणबाई? त्या डायवरच्याच हायत म्हणून!"

"मी बूटच घालून आलो हुतो," तो सांगू लागला. "नवे. पन तुमच्या फाट्यापाशी जीप रुतली. सगळी मानकरी मानसं आत बसलेली. मी एकलाच उतरून ढकलली. बूट घोट्यापातूर भरलं. तसल्या बुटानं तुमच्या वसरीवर कसं चढायचं? म्हणून डायवरच्या चपला घेतल्या. त्यो बिचारा जीपमधी अनवानी बसला."

मला तिच्या मनातलं ऐकू येत होतं: चिखल लागल्यावर बी जो हिरो दिसंल.

"आन खरं सांगू?" तो म्हणाला. "मी बी तुमचं तोंड बघितलं न्हाय. वर बघायला लाज वाटत हुती. तुमच्या टाचंला चिखलाचा ठिपका राहिलेला तेवढा बघितला. म्हणलं बरं झालं, हिला बी लागतोय."

तो ठिपका गोठ्यामागचा. चपला बघायला गेलो होतो तेव्हाचा.

"म्हंजी बघायच्या कार्यक्रमात कुनीच कुनाला बघितलं न्हाय," ती म्हणाली, आणि दोघं हसायला लागली. मीही हसले. मग मला जाणवलं की आपण आता दाराबाहेर जाऊन उभं राहायला हवं, आणि मी गेले.

स्टँडवर परत येताना ती म्हणाली, "मी व्हय म्हणले."

"कुणाला?"

"आता त्याला. आधी मामाला म्हणले हुते." मग जरा थांबून, काळजीच्या सुरात: "पन त्याला सिनेमात झोप येती म्हणं. ते एक बघाय पायजे."

परीक्षा देऊनच लग्न करायचं, ही अट तिने घातली आणि त्याने मान्य केली. उन्हाळ्यात वस्तीवर मांडव पडला. करवल्यांनी नवऱ्याचे बूट लपवायचे, हे खूळ तेव्हा सिनेमामुळे आमच्याकडे नव्यानेच आलं होतं. ती हळद लागलेल्या अंगाने माझ्या कानाशी लागली, "तूच लपव. पन नीट बघून उचल. पुन्यांदा मामाचं नको."

मी नीट बघून उचलले. तपकिरी चपला तशाच, टोकं बाहेर करून, शहाण्यासारख्या मांडवाच्या खांबाशी होत्या. त्यांना मी हातही लावला नाही.

वऱ्हाड निघालं. पाटाला पाणी सुटलेलं होतं. फाट्यापाशी जीप रुतली. आम्ही निरोप द्यायला मागून चालत आलो होतो, ते सगळे तिथेच थांबलो. नवरदेव खाली उतरला, बूट काढले, विजार दुमडली आणि मागून जोर लावायला लागला. जीप हलेना.

तेवढ्यात दार उघडलं.

आधी एक पाय दिसला. अनवाणी, मेंदीचा, जोडव्यांचा. मग शालूचा काठ, वर खोचलेला. मग ती.

"अगं, नवरी खाली उतरली!" बाया ओरडल्या. तात्या पुढे धावले. तिने डाळिंबी सँडल खिडकीतून मामांच्या मांडीवर ठेवले, "मामा, एवढं धरा," म्हणाली, आणि चिखलात पाय रोवून नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, चांगलं तोंडाकडे, आणि ढकललं. जीप उसळून सडकेवर गेली. दोघंही गुडघ्यापर्यंत माखली होती आणि पोट धरून हसत होती.

मामा खिडकीतून डोकं काढून, हातात सँडल घेऊन, तात्यांना म्हणत होते, "पाव्हणं, खालमानेची पोरगी म्हणून सांगितलं हुतं तुमी!"

जाताना तिने मागे वळून मला हात केला. मान वर होती.

जूनमध्ये निकाल लागला तेव्हा मी बारामतीला एकटी गेले. आम्ही दोघीही पास झालो होतो. आमच्या गल्लीतल्या मुलीची पहिली पदवी हातात यायची होती, आणि मला ते सांगायला शेजारी कुणी नव्हतं. परतीच्या बसमध्ये सवयीने मी खिडकीजवळच्या जागेवर रुमाल टाकला होता.

वाटेत एक म्हातारा चढला. बस भरलेली होती. तो माझ्या बाकापाशी येऊन थांबला आणि रुमालाकडे बघत म्हणाला, "हितं कुनी हाय का, बाई?"

मी आधी त्याचे पाय बघितले. चपला हातात होत्या. पोटऱ्यांपर्यंत ओला चिखल.

"बसा की, आबा," मी म्हणाले, आणि रुमाल उचलून घेतला.